कोमेजणे आणि करपणे

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावातील शाळेत असा एखादा प्रसंग शिक्षकांच्या आठवणीत असतो. सातवी-आठवीतली एखादी मुलगी धावण्यात चमकते. तालुक्याला पहिली येते, जिल्ह्याला पहिली येते, विभागाच्या स्पर्धेला जाऊन येते. शाळेच्या फलकावर तिचे नाव लागते. सकाळ-संध्याकाळ सराव सुरू होतो. आणि मग नववीच्या दिवाळीनंतर ती मैदानावर येईनाशी होते. आधी पाय दुखतो, मग पोट दुखते, मग अभ्यास राहिलेला असतो. पीटीचे सर चिडतात, घरचे रागावतात. ‘डोक्यात हवा गेली’ असे कोणी म्हणते, ‘मुळात दमच नव्हता’ असे दुसरा म्हणतो. मुलगी काहीच बोलत नाही.

माझ्या वर्गातही असा एक मुलगा होता. पंधराशे मीटर धावायचा. आम्ही एका बाकावर बसत असू. दहावीच्या वर्षी त्याने आपले धावण्याचे बूट एका लहान मुलाला देऊन टाकले आणि तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. कारण कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

मानसशास्त्र हा माझा विषय नाही. मी जीवशास्त्राचा अभ्यासक आहे. पण हा प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून अधूनमधून त्यावर वाचत राहिलो. अशा अवस्थेला आज ‘बर्नआउट’ म्हणतात. मराठीत त्याला ‘करपणे’ म्हणायला हरकत नाही. उन्हाने मान टाकलेले कपाशीचे रोप संध्याकाळी पाणी मिळाले की पुन्हा ताठ होते. ते कोमेजलेले असते. करपलेले पान मात्र पाणी घालून हिरवे होत नाही. थकलेले मूल आणि करपलेले मूल यांत असाच फरक आहे. तो ओळखायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. त्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट मला विशेष वाटली. या दुखण्याच्या मुळाशी असलेल्या धोक्याचा स्पष्ट इशारा १९३७ सालीच, आणि तोही आपल्या वर्ध्यात, लिहून ठेवलेला आहे. तो खेळाबद्दल नव्हता, सूतकताईबद्दल होता.

वर्धा, १९३७

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. ते आदल्या वर्षीच शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. काँग्रेसची मंत्रिमंडळे असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्रीही परिषदेला आले होते. मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून द्यावे आणि एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, अशी कल्पना पुढे आली. हीच ‘नई तालीम’ किंवा ‘वर्धा योजना’. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार निघावा अशीही अपेक्षा होती. देश गरीब होता आणि शाळांसाठी सरकारकडे पैसा नव्हता, हे त्यामागचे कारण. त्याच परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता.

योजनेचा तपशील ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा ही मंडळी तिच्यात होती. शहाही होते. डिसेंबरच्या सुरुवातीला समितीचा अहवाल तयार झाला. त्यातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे. शाळा रोज साडेपाच तासांची. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला आणि १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला. कोणत्या इयत्तेत कताईची गती किती असावी, सूत किती निघावे, त्यातून कमाई किती व्हावी, याचे हिशेबही अहवालाला जोडलेले आहेत.

पण याच अहवालात समितीने स्वतःच्या योजनेतला धोकाही नोंदवून ठेवला आहे. अंमलबजावणी करताना आर्थिक बाजूवर भर पडेल आणि शैक्षणिक व सांस्कृतिक हेतू मागे पडतील, असे तिने म्हटले. शिक्षकांचे सगळे लक्ष मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे लागेल आणि त्या कामातून मुलाची बुद्धी, समाजभावना व नीती घडायची ते राहून जाईल, अशी तिला भीती होती. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि शाळांच्या तपासणीत याचे भान सतत ठेवावे, असेही तिने बजावले.

या इशाऱ्यात टकळीला दोष दिलेला नाही. सूत कातणे मुलांना आवडू शकते, त्यातून पुष्कळ शिकताही येते. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा त्या सुताची गरज मुलापेक्षा मोठ्यांना अधिक असते. मग सूत मोजले जाते आणि मूल दिसेनासे होते. सुताच्या जागी पदक हा शब्द ठेवला, तर हा इशारा आजच्या मैदानालाही लागू पडतो.

नालवाडी ते पवनार

समितीचे एक सदस्य विनोबा यांची त्याच सुमाराची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. ते तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत. केवळ टकळीवर सूत कातून माणूस पोट भरू शकतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःवर प्रयोग चालवला होता. दिवसाचे आठ तास कताई, त्यावर शिकवणे आणि इतर कामे. १९३८ पर्यंत त्यांची प्रकृती पार ढासळली. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोवर आले. गांधीजींनी काळजी घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी दूर कुठे न जाता पवनारला जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहण्याचे ठरवले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या कामांचा विचार सोडला असल्याचे मनाशी तीनदा म्हटले. पवनारला ते रोज शेतात खणू लागले. पहिल्या दिवशी अगदी काही मिनिटे, मग रोज त्यात थोडी भर. वर्षभराच्या आत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढून १२८ पौंड झाले.

विनोबांना बर्नआउट झाला होता, असे येथे सुचवायचे नाही. ते प्रौढ होते, प्रयोग त्यांनी स्वतः निवडला होता आणि थांबायचे केव्हा हेही त्यांच्याच हाती होते. पण त्यांच्या सुधारण्यात दोन गोष्टी एकत्र आल्या, त्या लक्षात ठेवू. शरीरावरचा भार आधी एकदम उतरवला आणि मग हळूहळू चढवला, ही पहिली. मनावरचे ओझे निर्धाराने खाली ठेवले, ही दुसरी. चौदा वर्षांच्या खेळाडूच्या हाती यांपैकी एकही गोष्ट सहसा नसते.

शब्द कुठून आला

आता थोडे जगाकडे वळू. १९३६ साली कॅनडातील मॉन्ट्रिअलच्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा वेगवेगळ्या त्रासांना तोंड द्यायला लावले, तरी त्यांच्या शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच असतात, असे त्याला आढळले. आधी शरीर खडबडून जागे होते, मग जुळवून घेते आणि त्रास संपलाच नाही तर शेवटी खचते. ‘ताण’ या आधुनिक कल्पनेचा पाया येथे घातला गेला. खेळाचा सरावही याच तत्त्वावर चालतो. शरीरावर थोडा भार टाकायचा, विश्रांती द्यायची, म्हणजे शरीर आधीपेक्षा बळकट होते. विश्रांती काढून घेतली तर ते बळकट होण्याऐवजी खचते.

‘बर्नआउट’ हा शब्द मात्र मैदानावरून आलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ काम करत. तेथे उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांनी चिडचिडे, कोरडे आणि रिकामे होत जाताना त्यांनी पाहिले. स्वतःतही पाहिले. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. कामचुकार माणसांना हे होत नव्हते, जीव ओतून काम करणाऱ्यांना होत होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यांनी तिची तीन लक्षणे मानली: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि ‘माझ्या हातून काही होत नाही’ ही भावना.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या नोंदवली, तेव्हा ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती मर्यादित ठेवली. म्हणजे कार्यालयातल्या कारकुनाला ती लागू आहे. रोज पहाटे पाचला उठून मैदानावर जाणाऱ्या आठवीतल्या मुलीला ती कागदावर तरी लागू नाही, कारण तिचे काम हे काम नसून ‘खेळ’ आहे.

बक्षिसाचा प्रयोग

खेळ हा खेळ केव्हापर्यंत राहतो? या प्रश्नावर १९७०च्या दशकात काही साधे आणि सुंदर प्रयोग झाले. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्यासाठी पैसे दिले, त्यांचा पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोडी सोडवण्यातला रस कमी झालेला दिसला.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडणारी मुले त्यांनी निवडली. एका गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेने पुन्हा ठेवली. बक्षिसाचा करार करून चित्रे काढलेली मुले आता इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा रस मात्र टिकून होता. योगायोग असा, की त्या प्रशस्तिपत्राचे नाव ‘उत्तम खेळाडू’ असे होते.

या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. १९९९ मध्ये डेसी व सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेले, हाती घेण्यासारखे बक्षीस आतून आलेली आवड कमी करते. मोकळेपणाने केलेली शाबासकी ती वाढवू शकते, असा त्याचा सारांश आहे. म्हणजे बक्षीस वाईट आहे असे नव्हे. ‘हे केलेस तर ते मिळेल’ हा व्यवहार खेळाच्या मुळाशी जाऊन बसला, की मूल स्वतःसाठी खेळायचे थांबते.

खेळाडूंकडे लक्ष वळते

खेळाडूंच्या बर्नआउटचा पद्धतशीर विचार १९८६ मध्ये रोनाल्ड स्मिथ यांनी मांडला. त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला. खेळ सोडणारे प्रत्येक मूल करपलेले नसते. कोणाला दुसरा खेळ आवडतो, कोणाला गाणे, कोणाला अभ्यास. ही नैसर्गिक गोष्ट आहे. करपलेले मूल मात्र एके काळी आवडणाऱ्या गोष्टीपासून दूर पळते, कारण तिच्यातला ताण आता सोसवत नाही. स्मिथ यांनी परिस्थितीइतकेच महत्त्व मुलाला ती कशी दिसते याला दिले. जिल्ह्याची स्पर्धा एका मुलीला ‘बघू या, काय होते ते’ अशी दिसते. दुसरीला ती ‘हरले तर बाबांना तोंड कसे दाखवू’ अशी दिसते. धावायचे अंतर दोघींना सारखेच असते.

१९८७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विल्यम मॉर्गन व सहकाऱ्यांनी जलतरणपटूंच्या मनःस्थितीच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सरावाचा भार वाढला की मनःस्थिती बिघडते आणि भार कमी केला की सुधारते, असे त्यांत दिसले. हे झाले कोमेजणे. त्यावर विश्रांतीचे पाणी पुरते. मात्र भार फारच लांबला असेल तर सावरायला महिनेही लागतात.

१९९२ मध्ये समाजशास्त्रज्ञ जे कोकली यांनी वेगळाच मुद्दा मांडला. नाव कमावून मग खेळ सोडलेल्या १५ किशोरवयीन खेळाडूंशी ते सविस्तर बोलले. त्यांच्या मते ही मुले केवळ ताणामुळे खचली नव्हती. त्यांचे सगळे आयुष्य एका खेळाभोवती आवळले गेले होते. मित्र तेच, बोलणे तेच, ओळखही तीच. आणि त्या आयुष्यात आपल्याला काही ठरवता येत नाही, हे त्यांना वाढत्या वयाबरोबर कळू लागले होते. मुलांना ताण सोसायला शिकवण्यापेक्षा खेळाची रचनाच बदलली पाहिजे, असे कोकली यांचे म्हणणे होते.

१९९७ मध्ये टॉमस रेडेक यांनी १३ ते १८ वर्षांच्या २३६ जलतरणपटूंचा अभ्यास करून यात एक भर घातली. आवडते म्हणून पोहणारी मुले होती, तशीच अडकलेली मुलेही होती. आवड उरलेली नाही, पण सोडता येत नाही, अशी ही दुसरी मुले. करपण्याची लक्षणे या अडकलेल्या मुलांत अधिक होती. २००१ मध्ये रेडेक आणि ॲलन स्मिथ यांनी खेळाडूंसाठी १५ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यातली तीन लक्षणे अशी: शरीर व मनाचा थकवा, आपली प्रगती थांबली आहे ही भावना आणि खेळाविषयीची बेपर्वाई. तिसरे लक्षण सर्वांत बोलके आहे. ज्या मुलीला हरल्यावर रडू येत असे, तिला आता जिंकल्यावरही काही वाटत नाही.

कल्याण, २०१६

महाराष्ट्रातले एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेचा १५ वर्षांचा प्रणव धनावडे आंतरशालेय भंडारी चषक सामन्यात नाबाद १००९ धावा करून गेला. १८९९ साली इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा हा मुलगा दोन दिवसांत जगभर पोहोचला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी त्याच्या धावा आटल्या. तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली.

या मुलाच्या मनात काय चालले होते, याचे निदान दुरून करणे योग्य नाही, आणि मी ते करतही नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता. पण ते पत्र विचार करायला लावते. कौतुक म्हणून आलेले पैसे एका वर्षात फेडायचे देणे वाटू लागले. चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांच्या प्रयोगात जे दिसले, त्याची आठवण येथे होते.

त्याच सामन्याची दुसरी बाजू फारशी कोणी पाहिली नाही. समोरच्या शाळेचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला आणि एक डाव १३८२ धावांनी हरला. १४६५ धावा होईपर्यंत जी मुले क्षेत्ररक्षण करत उन्हात उभी होती, त्यांच्यापैकी किती जण पुढे खेळली असतील, हा प्रश्नही शिक्षकाने विचारण्यासारखा आहे.

नियम बदलला तर

रचना बदलली तर फरक पडतो का? व्यावसायिक महिला टेनिसमध्ये याचे उत्तर मिळाले आहे. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक खेळाडू झाली आणि १९९२ मध्ये तिने बार्सिलोना ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. १९९३ नंतर ती खेळापासून दूर गेली आणि पुढे काही वर्षांनी परत येऊन २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. अशा काही खेळाडूंच्या अनुभवानंतर, १९९५ पासून लहान मुलींनी वर्षात किती स्पर्धा खेळाव्यात यावर वयानुसार मर्यादा आली. दहा वर्षांनी आकडे तपासले, तेव्हा २१ वर्षांच्या आतच खेळ सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आलेले दिसले. मुली तशाच होत्या, स्पर्धाही कठीणच होती. कमी झाला तो भार.

शाळेत काय करता येईल

आपल्याकडे खेळाला आज आर्थिक बाजू आहे आणि ती खोटी नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस आणि सैन्यभरतीत धावण्याची चाचणी असते. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घराला मुलीच्या पायांत एक वाट दिसली, तर त्यात चूक काय? झाकिर हुसेन समितीलाही शाळेला पैसा लागतो हे माहीत होते. तिने पैशाची बाजू नाकारली नाही, तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

मूल मैदानावर येईनासे झाले, तर आधी शरीर तपासावे. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे, अपुरे जेवण, अपुरी झोप, जुनी दुखापत यांमुळेही धाव मंदावते, आणि आपल्याकडच्या मुलींत रक्तक्षय फार आढळतो. त्याला मनाचे दुखणे समजणे ही मोठी चूक ठरेल. मूल एखाद्या विशिष्ट व्यक्तीला घाबरून टाळत असेल, तर तो प्रश्न अगदी वेगळा आणि तातडीचा आहे. तेथे मुलाचे म्हणणे लगेच आणि विश्वासाने ऐकले पाहिजे.

भाराचे काही साधे ठोकताळे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये सुचवले, की मुलांना आठवड्यात एक-दोन दिवस सरावातून पूर्ण सुटी असावी आणि वर्षात दोन-तीन महिने तो ठरावीक खेळ बंद असावा. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत, असाही एक ठोकताळा आहे; म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्याला तेरा तासांपेक्षा अधिक नको. दोन-तीन महिन्यांच्या त्या सुटीत आट्यापाट्या, लगोरी, विहिरीत पोहणे, काहीही चालेल. तेथे गुण मोजणारा कोणी नसावा, इतकेच.

एक छोटी नोंदवही ठेवून पाहावी, अशी माझी सूचना आहे. सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलाचे एक पान. आठवड्यातून एकदा, इतर मुलांसमोर नव्हे, त्याला तीन प्रश्न विचारायचे: झोप कशी लागते? या आठवड्यात खेळताना मजा कधी आली? आणि पुढच्या आठवड्यात काय करावेसे वाटते? उत्तर जसेच्या तसे लिहायचे. सल्ला द्यायचा नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्य असेल तेथे खरोखर अमलात आणायचे. सरावाची वेळ, अंतर, सोबती यांपैकी एखादी गोष्ट तरी मुलाने ठरवलेली असावी. सलग तीन-चार आठवडे दुसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर सराव थांबवून घरच्यांशी बोलावे. लक्षणे तीव्र असतील, मूल फारच गप्प किंवा निराश दिसत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला उशीर करू नये.

या कामाला पैसे लागत नाहीत, आठवड्याला अर्धा तास लागतो. वर्षभराने त्या नोंदी एकत्र वाचल्या, तर आपल्याच मैदानाविषयी पुष्कळ कळेल. माझ्या बाकावरच्या मित्राला हे तीन प्रश्न त्या वेळी विचारले असते, तर तो धावतच राहिला असता असे मी म्हणत नाही. कदाचित त्याने तेव्हाही बूट देऊन टाकले असते. पण का, हे निदान आम्हाला कळले असते.